फिजिक्सचे पहिले दोन धडे: आधी मोजायला शिका, मग पळत्याच्या मागं लागा

जून-जुलैत लातुरात बघा, एसटी स्टँडवरून पोरं उतरतात, एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात गादीची वळकटी, मागं वडील. रूम बघायची, मेसचा डबा लावायचा, ट्यूशनची फीस भरायची, आणि मग पहिल्या आठवड्यात फिजिक्सचं पुस्तक उघडलं की पहिला धडा निघतो एकक आणि मापनाचा, पोरगं म्हणतं, सर हे तर सोपंय, पुढं चला. मग पुढं जातो. ऑगस्टमध्ये तेच पोरगं येतं, "सर सगळी सूत्रं पाठ हायेत, पण उत्तर येईना." येणार कसं, पहिला धडा उडवलाय ना.

मी इथं बरीच वर्षं अकरावीला शिकवतो, मूळचा उदगीरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. माझं म्हणणं एवढंच आहे की मोजमाप आणि गती या दोन गोष्टी तुम्हाला गावात असतानाच निम्म्या येतात, फक्त त्या पुस्तकातल्याच आहेत हे कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेख, जे आत्ता दहावी करून आलेत त्यांच्यासाठी, नववीतल्यांनी वाचला तरी चालेल.

सामान जमवून ठेवा: एक वही, सुतळी, लोखंडी नट, तीन-पाच मीटरचा टेप, मोबाईलमधलं स्टॉपवॉच, पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली आणि कोणाची तरी सायकल. बाकी काही विकत आणायची गरज नाही. नुसतं वाचू नका, करून बघा, नाहीतर हे पण पाठांतरच होईल.

आणि मराठी मीडियमवाल्यांसाठी आधीच एक सांगून टाकतो. तुम्ही ज्याला राशी म्हणत होता ती आता क्वांटिटी, एककाचं युनिट, अंतराचं डिस्टन्स, विस्थापनाचं डिस्प्लेसमेंट, चाल म्हणजे स्पीड, वेग म्हणजे व्हेलॉसिटी आणि त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन. झालं. नावं बदललीत, माणसं तीच आहेत. पहिले पंधरा दिवस वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, नंतर आपोआप तोंडात बसतात.

पहिली पायरी: आकड्याला एकटं सोडायचं नाही

कोणी म्हणालं "आमच्याकडं दहा आहे", तर तुम्ही लगेच विचारता, दहा काय? एकर का गुंठे? तेवढंच युनिट. आकडा आणि युनिट जोडीनंच फिरतात, आणि पेपरात उत्तराला युनिट न लिहिणं म्हणजे आडत्यानं पट्टीवर नुसतं "१८" लिहून देणं, तुम्ही त्याला सोडाल का?

आपल्याकडं मापांचा सुकाळ आहे. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर, बोलताना एकर-गुंठे, सोन्याला तोळा, सोयाबीनला क्विंटल, धरणाला टीएमसी, पावसाला मिलिमीटर, बोअरला फूट. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, असे ४० झाले की एकर, आणि एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, नेमकं २.४७. घरातल्या सातबाऱ्याचा फोटो मागवून घ्या आणि हेक्टर-आरचे एकर-गुंठे करून बघा, युनिट बदलायचा याच्यापेक्षा चांगला सराव मला तरी माहीत नाही, कारण उत्तर चुकलं तर वडील लगेच सांगतात.

आता पावसाचं बघा. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी धरतात, हे तुम्ही लहानपणापासून ऐकलंय, पण मिलिमीटर हे तर लांबीचं माप, पाणी लांबीत कसं मोजलं? याचा अर्थ असा की पडलेलं पाणी वाहून गेलं नाही, मुरलं नाही, वाफ झाली नाही, तर जमिनीवर तेवढ्या उंचीचा थर उभा राहील. एक चौरस मीटर जागेवर १ मिमी थर म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. करून बघा, १ मीटर गुणिले १ मीटर गुणिले ०.००१ मीटर, म्हणजे ०.००१ घनमीटर, आणि एक घनमीटरमध्ये १००० लिटर असतात. एक एकर म्हणजे साधारण ४०४७ चौरस मीटर. म्हणजे एका एकरावर १ मिमी पाऊस म्हणजे ४०४७ लिटर, आणि ६५ मिमी म्हणजे दोन लाख त्रेसष्ट हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एका एकरावर एका दिवसात २६ टँकर ओतले. उन्हाळ्यात एका टँकरसाठी हंडे घेऊन उभं राहिलेल्याला हा आकडा लवकर विसरत नाही. टीएमसीचं पण असंच, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे एक टीएमसी जवळपास २८३० कोटी लिटर. जायकवाडीची क्षमता शंभर टीएमसीच्या थोडी वर आहे, पुढचा गुणाकार तुम्ही करा, किती शून्य येतात ते बघा, मग दहाचा घात लिहायची पद्धत का काढली ते कळेल.

मग जगानं एकच माप का धरलं? कारण प्रत्येकाचा हात वेगळा, वीत वेगळी. भारतात वजन-मापांचा कायदा १९५६ ला आला आणि हळूहळू शेर, मण, पायली बाजूला होऊन किलो-लिटर आले, तरी पायली अजून काही घरांत आहेच. किलोची व्याख्या १८८९ पासून पॅरिसजवळ ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या एका ठोकळ्यावर चालत होती, २० मे २०१९ पासून ती निसर्गातल्या एका स्थिरांकावर गेली, त्याला प्लँकचा स्थिरांक म्हणतात. मीटर म्हणजे प्रकाश निर्वात जागेत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढा जातो तेवढं अंतर, १९८३ पासून. आपल्या देशाची प्रमाण मापं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सांभाळली जातात. परीक्षेला मूळ युनिट सात आहेत एवढं लक्षात ठेवा: मीटर, किलोग्रॅम, सेकंद, अँपिअर, केल्विन, मोल, कँडेला. पहिल्या दोन-चार धड्यांत फक्त पहिली तीन लागतात, बाकीच्यांची आत्ता काळजी नको.

एक हिशेब मात्र झोपेत पण आला पाहिजे. किमी प्रति तासाचे मीटर प्रति सेकंद करायचे तर ५ नं गुणायचं आणि १८ नं भागायचं. का? एक किलोमीटर म्हणजे १००० मीटर, एक तास म्हणजे ३६०० सेकंद, १००० भागिले ३६०० म्हणजे ५ भागिले १८. मोटारसायकल ताशी ५४ नं चालली म्हणजे सेकंदाला १५ मीटर. उलट करायचं असलं तर उलट करा.

याच पायरीवरची अजून एक फुकटची कला, मिती तपासणे, तिला डायमेन्शन म्हणतात. क्विंटलात लिटर मिळवता येत नाहीत, बरोबर? तसंच समीकरणात अधिकच्या दोन्ही बाजूंना एकाच प्रकारची राशी पाहिजे. समजा पेपरात घाबरून तुम्ही एस = यूटी + ½ एटी असं लिहिलं (एस विस्थापन, यू सुरुवातीचा वेग, ए त्वरण, टी वेळ) आणि टीचा वर्ग विसरलात. तपासा: एस मीटरमध्ये, यूटी म्हणजे मीटर प्रति सेकंद गुणिले सेकंद, मीटरच आलं, ठीक. एटी म्हणजे मीटर प्रति सेकंद वर्ग गुणिले सेकंद, हे तर मीटर प्रति सेकंद झालं, मीटर नाही. चोर सापडला. फक्त तो ½ बरोबर आहे का नाही हे या युक्तीनं कळत नाही, तो लक्षातच ठेवावा लागतो.

दुसरी पायरी: माप चुकतं, पण कसं चुकतं ते ओळखा

आमच्या घरची गोष्ट आहे. वडील आणि चुलते वाटणीच्या वेळी एक एकराचा तुकडा मोजत होते, सरकारी मोजणी लांबणीवर, म्हणून घरचीच नायलॉनची दोरी घेतली, जमिनीवर ठेवून ३३ फुटाला गाठ मारली आणि ताणून ताणून मोजत निघाले. आलं पावणेअडतीस गुंठे. परत मोजलं, परत तेवढंच. तिसऱ्यांदा मोजलं, तरी तेच. चुलते म्हणाले, "तीनदा मोजलंय, शेजाऱ्यानं बांध कोरलाय." भांडण होता होता राहिलं. शेवटी कोणीतरी स्टीलचा टेप आणला आणि ती दोरी ताणून त्याच्यावर धरली, तर ३३ फुटाची गाठ ३४ फुटावर जात होती. माप लांब झालं म्हणून मोजणी कमी भरली. ३३ भागिले ३४ चा वर्ग करा आणि ४० नं गुणा, ३७.७ येतं, बरोबर आमचा पावणेअडतीस गुंठ्यांचा आकडा.

यातून कळतं की चूक दोन जातींची असते. एक अशी की जी दर वेळी एकाच बाजूला ओढते, तिला सिस्टिमॅटिक एरर म्हणतात, आमची दोरी तसली. ती शंभर वेळा मोजून पण जात नाही, माप तपासूनच जाते. दुसरी रँडम, कधी जास्त कधी कमी, जसं स्टॉपवॉचवर बोट कधी आधी पडतं कधी नंतर, ती जास्त वेळा मोजून सरासरी काढली की बरीच खाली येते. आमचं उत्तर तिन्ही वेळा एकसारखं होतं, म्हणजे प्रिसिजन चांगलं, पण खऱ्यापासून लांब होतं, म्हणजे ॲक्युरसी खराब. हा प्रश्न दरवर्षी विचारतात आणि दरवर्षी पोरं दोन्ही शब्द उलटेपालटे लिहितात.

झिरो एररला तर मोंढ्यात जा. पोत्यासकट माल काट्यावर चढतो आणि मग बारदान्याचं वजन वजा होतं. काट्यावर काहीच नसताना तो २०० ग्रॅम दाखवत असला तर प्रत्येक मापातून ते २०० वजा करायचे. व्हर्नियर कॅलिपर आणि स्क्रू गेजचं पण हेच, जबडे मिटवल्यावर रीडिंग शून्य नसेल आणि ते पुढं असेल तर वजा, मागं असेल तर मिळवायचं. "पॉझिटिव्ह असेल तर वजा कसं काय सर?" असं विचारणाऱ्याला मी एकच सांगतो, बारदाना.

लीस्ट काऊंट म्हणजे त्या मापानं जास्तीत जास्त किती बारीक मोजता येतं ते. शाळेची पट्टी १ मिमी. साध्या व्हर्नियरमध्ये ९ मिमीत १० भाग पाडलेले असतात, म्हणून ०.१ मिमी. स्क्रू गेजला एका फेऱ्यात १ मिमी पुढं जाणारा स्क्रू आणि चकतीवर १०० भाग, म्हणून ०.०१ मिमी. प्रॅक्टिकलला हे हातात घेऊन दोन तास बसा, वाचून कोणालाच कळलेलं नाही, मलाही नव्हतं.

सार्थक अंकाचं थोडक्यात: टेपनं सेंटिमीटरपर्यंत मोजलं आणि कॅल्क्युलेटरनं उत्तर दिलं ३.३३३३३३३, तर ते सगळे तीन लिहू नका, तुमच्या टेपला ते दिसलेलेच नाहीत. जेवढं मोजलं तेवढंच सांगायचं.

आता पहिला प्रयोग, आज रात्री रूमवरच करा. सुतळीला नट बांधा, खिळ्याला लटकवा, खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर १०० सेंटिमीटर. थोडंसंच बाजूला ओढून सोडा, आणि एक झोका मोजा, जाऊन परत आला की एक. स्टॉपवॉच कधी १.८ दाखवेल कधी २.२. आता एक नाही, २० झोके मोजा. ४० सेकंदांच्या आसपास येईल. बोटाची चूक तीच राहिली, समजा ०.२ सेकंद, पण आता ती २० झोक्यांत वाटली गेली, एका झोक्याला ०.०१. चूक गेली नाही, पातळ झाली. मोजायला "शून्य" पासून सुरुवात करा बरं का, सोडताना "एक" म्हणालात तर तुमचे १९ च झोके होतात, दर बॅचला निम्मी पोरं इथंच फसतात. मग सुतळी २५ सेंटिमीटर करा. वेळ निम्मा होतो, पाव नाही होत. का, कारण झोक्याच्या वेळेच्या सूत्रात लांबीचं वर्गमूळ आहे.

तिसरी पायरी: गती म्हणजे "कुठं" आणि "कधी"

गतीच्या धड्यात नवीन काही मोजायचं नसतं. कुठं आहे, आणि कधी आहे, दोनच मापं. बाकी वेग म्हणा, त्वरण म्हणा, सगळे या दोघांचे वजाबाकी-भागाकार.

"कुठं" सांगायला आधी शून्य ठरवावं लागतं. रोडच्या कडेचा किलोमीटरचा दगड बघा, तो नेहमी कुठल्या तरी गावापासूनचं सांगतो. गणितात पण सुरुवातीलाच लिहा, शून्य इथं, आणि या बाजूला अधिक. हे एक वाक्य न लिहिल्यामुळं नंतर वजाचे घोळ होतात.

अंतर आणि विस्थापन समजायला लातूरच्या पोरांना लांब जायची गरज नाही, गंजगोलाईला जा. गोल बाजार, भोवतीनं १६ रस्ते फुटलेले. एका रस्त्याच्या तोंडावर उभं राहा, पूर्ण चक्कर मारा आणि परत तिथंच या. पाय दुखले, म्हणजे अंतर झालं, पण विस्थापन शून्य, कारण निघाला तिथंच आहात. आता समजा चक्कर १०० मीटर व्यासाच्या वर्तुळावर धरली आणि तुम्ही अर्धीच मारली, तर अंतर १५७ मीटर आणि विस्थापन फक्त समोरासमोरचं, १०० मीटर. विस्थापनाला दिशा लागते म्हणून ते सदिश, अंतराला लागत नाही म्हणून अदिश. आणि एकाच स्पीडनं गोल फिरणारा ऑटोवाला, त्याची चाल तीच राहिली तरी वेग क्षणाक्षणाला बदलतोय, कारण तोंड वळतंय. हे आत्ताच डोक्यात ठेवा, वर्तुळाकार गतीला कामाला येईल.

"दर" हा शब्द पण तुम्हाला येतो. ठिबकच्या ड्रिपरवर लिहिलेलं असतं, ४ लिटर प्रति तास. म्हणजे मिनिटाला ६७ मिली. वेग म्हणजे तेच, पाण्याच्या जागी विस्थापन घाला. किती बदललं भागिले किती वेळात.

सरासरीचा सापळा. गावाकडनं ६० किलोमीटर मोटारसायकलवर ताशी ६० नं आलात, आणि जाताना एसटीनं गेलात, ती प्रत्येक फाट्यावर थांबत ताशी ३० नं गेली. सरासरी चाल किती? निम्मा वर्ग ओरडतो, ४५! नाही. यायला १ तास, जायला २ तास, एकूण १२० किलोमीटर ३ तासांत, ४०. हळू गाडीत तुम्ही जास्त वेळ बसलात म्हणून सरासरी तिच्याकडं झुकली. एकूण अंतर भागिले एकूण वेळ, दुसरं काही करायचं नाही. आणि दोन्ही मिळून सरासरी वेग? शून्य, घरी परत पोचलात ना.

चौथी पायरी: सायकल आणि गळकी बाटली

हा माझा आवडता प्रयोग आहे म्हणून जरा वेळ घेतो. बाटलीच्या बुडाजवळ तापवलेल्या सुईनं बारीक भोक पाडा, पाण्यात थोडी नीळ घाला म्हणजे ठिपके दिसतील, झाकण सैल-घट्ट करत थेंब असे जुळवा की २० सेकंदांत ४० पडतील. म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक थेंब. झालं तुमचं घड्याळ, आणि ते रस्त्यावर खुणा पण करतं. बाटली सायकलच्या कॅरिअरला बांधा, सकाळी लवकर रिकामा सिमेंट रोड बघा, दुपारी ठिपके वाळून जातात. बाटली रिकामी होत आली की थेंब हळू पडतात, ही परत सिस्टिमॅटिक एररच, म्हणून भरलेली असतानाच काम उरका.

आधी एकसारखं पॅडल मारत चालवा. ठिपके जवळपास सारख्या अंतरावर पडतात, हा एकसमान वेग. आता थांबलेल्या सायकलवरून सुरुवात करा आणि हळूहळू जोर वाढवा. मागं येऊन टेप लावा. आमच्या एका पोराच्या सायकलचे दोन ठिपक्यांमधले गाळे आले होते १२, २८, ५३, ६८, ९२ सेंटिमीटर. सरळ नाहीत, पण बघा, दर वेळी साधारण २० नं वाढतायत. आदर्श आकडे १०, ३०, ५०, ७०, ९० असते, म्हणजे १, ३, ५, ७, ९ च्या प्रमाणात, आणि हेच विषम आकड्यांचं प्रमाण गॅलिलिओनं उतारावर गोळे सोडून चारशे वर्षांपूर्वी पकडलं होतं, सायकल नसताना.

आता हिशेब. पहिला गाळा १० सेमी अर्ध्या सेकंदात, वेग ०.२ मीटर प्रति सेकंद. दुसरा ०.६, तिसरा १.०, मग १.४, १.८. प्रत्येक अर्ध्या सेकंदाला वेग ०.४ नं वाढतोय, म्हणजे सेकंदाला ०.८. हेच त्वरण, ०.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. आणि सेकंदाचा वर्ग कुठून आला म्हणून दचकू नका, "सेकंदाला ०.८ मीटर-प्रति-सेकंदानं वाढतंय", सेकंद दोनदा आला, एवढंच. आता सूत्र लावून बघा. सुरुवातीचा वेग शून्य, वेळ २.५ सेकंद, ½ गुणिले ०.८ गुणिले ६.२५ म्हणजे २.५ मीटर. आणि पोराच्या गाळ्यांची बेरीज करा, २५३ सेंटिमीटर. त्या दिवशी ते पोरगं रोडवर बसून तीनदा बेरीज करत होतं, कारण त्याला वाटत होतं सूत्रं फक्त पुस्तकात खरी असतात.

घरी आल्यावर आलेख काढा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर सुरुवातीपासूनचं अंतर: वाकडी रेघ येते, वर वर चढत जाणारी, तिचा चढ म्हणजे वेग. दुसऱ्या आलेखात उभ्यावर वेग घ्या: सरळ तिरपी रेघ, तिचा चढ म्हणजे त्वरण आणि तिच्या खालचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये नाही बरं का, मीटर प्रति सेकंद गुणिले सेकंद, मीटर. पहिल्या पायरीची मिती इथं कामाला आली.

पाचवी पायरी: तीन समीकरणं, आणि ती कधी लावायची नाहीत

व्ही = यू + एटी. एस = यूटी + ½ एटी². व्ही² = यू² + २एएस. यू सुरुवातीचा वेग, व्ही शेवटचा, ए त्वरण, टी वेळ, एस विस्थापन. कुठलं लावायचं? काय दिलंय आणि काय मागितलंय ते लिहा, जी राशी ना दिली ना मागितली ती ज्यात नाही ते समीकरण उचला. वेळेचा उल्लेखच नसेल तर तिसरं. आणि ही तिन्ही फक्त त्वरण कायम असेल तेव्हाच चालतात. एसटी गर्दीतून थांबत, हिसके देत चालली असेल तर पूर्ण प्रवासाला लावू नका.

तिसऱ्याचा एक उपयोग गाडी चालवणाऱ्या प्रत्येकानं करावा. समृद्धी महामार्ग जालना, संभाजीनगरवरून जातो, कारला ताशी १२० ची मर्यादा. १२० म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर. पुढं काही दिसलं आणि पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला तर ३३ मीटर असेच गेले. मग ब्रेकनं वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंदानं कमी होतोय असं धरा, व्ही शून्य, म्हणून एस = यू² भागिले २ए, १११ मीटर. एकूण १४४. हाच हिशेब ६० ला करा: १७ अधिक २८, म्हणजे ४५. वेग दुप्पट, पण ब्रेकचं अंतर चौपट, कारण यू चा वर्ग आहे.

आता सगळ्यात जास्त पोरं जिथं पडतात ते. चेंडू सरळ वर फेकला, अगदी वरच्या टोकाला क्षणभर थांबला, तिथं त्वरण किती? "शून्य सर." चूक. वेग शून्य आहे, त्वरण पृथ्वीच्या ओढीचं, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्गच आहे आणि खालीच आहे. तिथं त्वरण शून्य असतं तर चेंडूचा वेग पुढं बदललाच नसता, शून्य होता तो शून्यच राहिला असता, आणि चेंडू तिथंच लटकून बसला असता. पृथ्वी काय मध्येच ओढायची थांबते का? वरची दिशा अधिक धरली तर जाताना, टोकाला आणि येताना, तिन्ही वेळी त्वरण उणे ९.८. वर जाताना उणे म्हणजे वेग कमी होतोय, खाली येताना वेगच उणे झालाय म्हणून तोच उणे आता जोर वाढवतोय. "उणे त्वरण म्हणजे हळू होणं" हे जे दहावीपर्यंत डोक्यात बसलंय ते इथं काढून टाका. ९.८ मीटर प्रति सेकंदानं फेकून हिशेब करा: १ सेकंद वर, उंची ४.९ मीटर, १ सेकंद खाली, हातात परत तेवढ्याच वेगानं, फक्त दिशा उलटी.

शेवटचा प्रयोग: विहीर

हा सुट्टीत गावाकडं गेल्यावर करा, कठडा असलेल्या विहिरीवरच, सोबत मोठं माणूस घेऊन, वाकायचं नाही, आणि ज्याची विहीर आहे त्याला विचारून. पाणी असेल तर पाण्यापर्यंतची खोली कळते, कोरडी असेल तर तळापर्यंतची.

मी मे महिन्यात आमच्याच विहिरीवर केला, कोरडी ठाक होती. कठड्यावरून खडा नुसता सोडला, फेकला नाही, कारण यू शून्य पाहिजे, आणि "टप्प" ऐकू आलं की स्टॉपवॉच थांबवलं. तीनदा: १.६, १.९, १.७ सेकंद. सरासरी १.७३. ½ गुणिले ९.८ गुणिले १.७३ चा वर्ग, १४.७ मीटर. आता इथं थांबला तर तुम्ही दुसरी पायरी विसरलात. १.६ धरलं तर १२.५ मीटर येतं, १.९ धरलं तर १७.७. म्हणजे १४.७ मधला तो ७ नुसता शोभेचा आहे, खरं उत्तर "१५ च्या आसपास, अडीच मीटर इकडं तिकडं". आवाज वर यायला पण वेळ लागतो, पण तो सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास पळतो, तेवढ्या खोलीला ०.०४ सेकंद, माझ्या बोटाच्या चुकीपुढं काहीच नाही, म्हणून सोडून दिला.

मग चुलत्यांनी दोर सोडला, टोकाला दगड बांधून. वर काढून टेपनं मोजला, यावेळी नायलॉनचा नव्हता. ४६ फूट, म्हणजे १४ मीटर. माझ्या अडीच मीटरच्या आत बसला. चुलते म्हणाले, "आरं, आज्जा तर हिला आठ परस म्हणायचे." परस म्हणजे एक उभा माणूस, जुनं माप. १४ ला ८ नं भागलं तर पावणेदोन मीटर, पाच फूट नऊ इंच. आमच्या घराण्यात एवढा उंच माणूस आजपर्यंत झालेला नाही, परस कोणाचा धरला होता देव जाणे.